कुंड्यांना आपोआप पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल लागला की हे प्रश्न यायला लागतात, आणि गणपती-दिवाळीच्या आधी पुन्हा एकदा. बहुतेकांच्या मनात एकच काळजी असते: आपण घरी नसताना कुंड्यांचं काय होणार? प्रश्न जमेल तितके विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. उत्तरं पुण्यातल्या माझ्या गॅलरीत आणि गच्चीवर करून पाहिलेली आहेत. नागपूरचं ऊन किंवा कोकणातला पाऊस असेल तिथे फरक पडतो, तो त्या त्या ठिकाणी सांगितला आहे.

१. सेल्फ-वॉटरिंग म्हणजे नक्की काय? झाड हवं तेव्हा हवं तितकंच पाणी घेतं, हे खरं का?

अर्धं खरं आहे. समईत तेल खाली असतं, ज्योत वातीच्या टोकाला असते आणि जळेल तितकं तेल वातीतून चढत राहतं. कुंडीतही तेच होतं. खाली पाण्याचं भांडं, वर माती, मध्ये वात. माती सुकेल तशी ती वातीतलं पाणी ओढून घेते. याला केशाकर्षण म्हणतात.

मात्र हे पाणी ओढते ती माती, झाड नव्हे. झाडाला किती हवं हे मातीला कळत नाही, त्यामुळे कोरफडीची मातीसुद्धा अळूच्या मातीइतकीच ओली होऊन बसते. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात ती स्थिती कुंडीत टिकवायची आहे: मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा, बोटाने ढोसला तर फुटावा आणि हाताला चिखल लागू नये. साधन कुठलंही घ्या, मातीत वाफसा राहतो की चिखल होतो, एवढंच तपासायचं.

२. इतके प्रकार आहेत, मी कुठला घेऊ?

पाणी तीन वाटांनी देता येतं. खालून चढणारं (वात, तळाशी टाकी असलेली कुंडी), बाजूने पाझरणारं (मातीचं मडकं, भाजक्या मातीचे सुळे) आणि वरून ठिबकणारं (पालथी बाटली, सलाईनचा सेट, पंप-टायमर). वरून ठिबकणारं आपल्याला नवं नाही. महादेवाच्या पिंडीवरची गळती वेगळं काय करते?

चार-पाच लहान कुंड्या घरात असतील तर वात पुरे. गॅलरीत भाजीपाल्याचे मोठे टब असतील तर मडकं. गच्चीवर तीसेक कुंड्या असतील आणि तिथे नळ असेल तर ठिबकाच्या नळ्या आणि टायमर. दोन-तीन दिवसांसाठीच जाणार असाल तर काहीच नको. निघताना भरपूर पाणी घाला, कुंड्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवा आणि मातीवर वाळक्या पानांचा थर द्या.

३. वात घरच्या घरी कशी करायची? कुठला दोरा चालतो?

सुती नाडी, जुन्या सुती साडीचा काठ, टी-शर्टची पट्टी, लोकर, बुटाची नाडी, हे सगळं चालतं. सुती वात पाणी छान चढवते, पण मातीत दोन-तीन महिन्यांत कुजते. सुटीपुरती ती बरी. कायमची लावायची तर पॉलिएस्टरची विणलेली दोरी किंवा ॲक्रिलिक लोकर पिळून घ्या. मासे धरायची तंगूस किंवा गुळगुळीत नायलॉनची सुतळी पाणी धरतच नाही.

दोरा पारखायला पाण्यात शाईचे दोन थेंब टाका आणि एक टोक बुडवून दोरा उभा धरा. अर्ध्या तासात रंग वीतभर चढला तर दोरा कामाचा.

वात करंगळीएवढी जाड हवी. आठ इंची कुंडीला एक पुरते, बारा इंचीला दोन-तीन लागतात. रोप लावतानाच वात तळाच्या भोकातून आत घ्या आणि मातीत निम्म्या उंचीपर्यंत आणून गोल फिरवून ठेवा. लावलेल्या कुंडीत घालायची असेल तर जाड सुईने किंवा छत्रीच्या काडीने खालून ढकलता येते. मुळं थोडी दुखावतात, पण झाड सावरतं.

४. वात लावली, पण भांड्यातलं पाणी कमीच होत नाही. काय चुकलं?

बहुतेक वेळा वात कोरडीच लावलेली असते. ती आधी पाण्यात पिळून ओली करायची आणि पहिल्या दिवशी कुंडीलाही वरून, तळातून पाणी येईपर्यंत घालायचं. कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) एकदा ठणठणीत वाळलं की पाणी अंगाला लावूनच घेत नाही, मग वातीने कितीही आणून दिलं तरी उपयोग नसतो.

दुसरं कारण उंची. पाण्याची पातळी आणि कुंडीचा तळ यांत वीतभरापेक्षा जास्त अंतर नको. सुट्टी संपत येते तसं भांड्यातलं पाणी खाली जातं आणि हे अंतर वाढत जातं. नेमक्या शेवटच्या दिवसांत झाड तहानतं ते यामुळेच. म्हणून भांडं उंच आणि अरुंद घेण्यापेक्षा पसरट घ्या.

५. पाण्याची बाटली पालथी खोचली. एका कुंडीत ती रात्रीत रिकामी झाली, दुसरीत आठवडाभर भरलेलीच. असं का?

बाटलीतून पाणी बाहेर यायला आत हवा जावी लागते. तोंडाभोवतीची माती ओली आणि घट्ट असेल तर हवेची वाट बंद होते आणि पाणी थांबतं. माती सुकली की हवा शिरते, बुडबुडा वर जातो आणि तेवढंच पाणी उतरतं. हे गणित मातीच्या पोतावर चालतं. भुसभुशीत कोकोपीटमध्ये हवा सतत शिरते, म्हणून बाटली रात्रीत संपते. चिकण मातीत तोंड बुजतं, म्हणून ती तशीच राहते.

मे महिन्यात गावी जाताना मी मोगऱ्याला दोन लिटरची बाटली लावून गेले होते. ती दुसऱ्या दिवशीच संपली असणार, कारण अकराव्या दिवशी परत आले तेव्हा फांदी वाकवली तर कट्कन मोडत होती आणि कुंडीच्या कडेने माती बोटभर आत सरकली होती. बारा वर्षांचं झाड होतं. तेव्हापासून बाटली फक्त तीन-चार दिवसांसाठी, आणि तीही जाण्याआधी आठवडाभर त्याच कुंडीत लावून पाहिल्याशिवाय नाही.

लावायची असेल तर बाटली कडक प्लॅस्टिकची किंवा काचेची घ्या, मऊ बाटली आत चेपते. झाकणाला तापलेल्या सुईने दोन भोकं पाडा, आत फडक्याचा तुकडा ठेवा आणि तोंड मातीत तीन बोटं खोल जाऊ द्या. बाजारात मिळणारे भाजक्या मातीचे सुळे बाटलीला लावले तर वेग पुष्कळ आटोक्यात येतो.

६. मातीचं मडकं पुरायची पद्धत कुंडीत चालते का?

चालते, आणि उन्हाळ्यात मला हीच सगळ्यांत भरवशाची वाटते. शेतात मडकी पुरून वेल वाढवण्याची पद्धत फार जुनी आहे. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वी तिची नोंद झालेली आहे. कच्च्या भाजणीच्या मडक्याला बारीक छिद्रं असतात. भोवतालची माती सुकली की ती मडक्यातून पाणी ओढते, ओली असली की ओढत नाही.

बारा इंची किंवा त्याहून मोठ्या कुंडीला संक्रांतीची सुगडं अगदी मापाची होतात. वाण देऊन झाल्यावर घरात उरलेली सुगडं काय करायची हा प्रश्न असतोच. सुगड पाण्याने भरून जमिनीवर ठेवा. तासाभरात बाहेरून दमट लागलं तर ते पाझरतं. रंग किंवा चकाकीचा लेप दिलेलं घेऊ नका. काठ बोटभर वर ठेवून मातीत पुरा, पाण्याने भरा आणि तोंडावर पणती झाका. त्यामुळे डास जात नाहीत आणि पाणी उडून जात नाही. माझ्याकडे टोमॅटोच्या टबात तीन सुगडं आहेत. एप्रिलमध्ये ती एक दिवसाआड भरावी लागतात, थंडीत आठवड्यातून एकदा. जास्त दिवसांसाठी अर्थातच मोठं मडकं हवं.

मुळं मडक्याला जाळीसारखी चिकटतात. हंगाम संपल्यावर ते ओढून काढू नका, माती मोकळी करून काढा. बोअरच्या पाण्याने छिद्रं क्षाराने बुजतात. मग मडकं रात्रभर पाणी मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये भिजवून काथ्याने घासा. तरी पाझरलं नाही तर दुसरं आणा.

७. सलाईनच्या सेटने पाणी देतात असं ऐकलं. ते कसं?

औषधाच्या दुकानातून नवा, न वापरलेला सेट आणा. पाच लिटरचा कॅन कुंडीपेक्षा दोन-तीन फूट उंचावर ठेवा, तळाजवळ भोक पाडून नळी बसवा आणि कॅनच्या झाकणालाही हवेसाठी एक भोक ठेवा. चाक फिरवून थेंब मोजता येतात, हा या पद्धतीचा मोठा फायदा. साध्या सेटमध्ये २० थेंबांचं एक मिलिलिटर होतं. मिनिटाला ५ थेंब म्हणजे दिवसाला सुमारे ३६० मिलिलिटर, १० थेंब म्हणजे ७२०.

कॅनमधलं पाणी खाली जाईल तसा दाब कमी होतो आणि थेंब मंदावतात. शिवाय पाण्यात कचरा असेल तर नळी मध्येच बंद पडते. पाणी फडक्याने गाळून भरा आणि चाक अगदी आवळून ठेवू नका.

८. दहा दिवस बाहेर जायचंय. किती पाणी साठवावं हे कसं ठरवू?

मोजून. अंदाजाने नको. बॅगा तोलायचा काटा घरात असतोच. सकाळी कुंडीला भरपूर पाणी घाला, निथळू द्या आणि तासाभराने तोला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा तोला. वजन जितके ग्रॅम घटलं तितके मिलिलिटर पाणी गेलं. समजा ६ किलो २०० ग्रॅमचं ५ किलो ८५० झालं, तर रोजचं ३५० मिलिलिटर. दहा दिवसांचं साडेतीन लिटर. त्यावर चौथाई जास्त धरा, म्हणजे जवळपास साडेचार लिटर.

ढगाळ दिवशी मोजलंत तर आकडा फसवा येईल. मोठे टब तोलता येत नाहीत. तिथे पाणी घातल्यावर तळातून थेंब येईपर्यंत किती लागलं ते दोन-तीन दिवस लिहून ठेवा. मातीच्या कुंडीतून बाजूंनीही पाणी उडतं, त्यामुळे तेच झाड प्लॅस्टिकच्या कुंडीत कमी पितं. विदर्भात मे महिन्यात उघड्यावरून दिवसाला १० मिलिमीटरहून जास्त पाणी उडतं. तिथे पश्चिमेच्या उन्हातल्या कुंडीला वात पुरवठा करू शकत नाही, कारण ती जितकं चढवते त्याहून जास्त पानांतून जातं. आधी शेडनेट (सावलीची जाळी) लावा, मग मोजा.

९. आणि महिनाभर जायचं असेल तर?

तर कुठल्याच टाकीवर एकटीवर विसंबू नका. टाकी भरून ठेवली तरी आठवड्यातून एकदा कुणीतरी डोकावून जाईल अशी सोय करा. शेजारच्या काकूंना ‘रोज पाणी घाला’ सांगण्यापेक्षा ‘रविवारी एवढं भांडं या खुणेपर्यंत भरा’ सांगणं सोपं असतं, आणि त्यांच्या हातून पाणी जास्तही घातलं जात नाही. जाण्याआधी पानं थोडी छाटा. पानं कमी झाली की पाण्याचा खर्चही कमी होतो.

१०. पंप आणि टायमर लावला. रात्री पंप बंद होता, तरी अख्खी टाकी रिकामी होऊन खालच्यांच्या गॅलरीत पाणी गेलं. बिघाड कुठे?

बिघाड नव्हता. टाकीतली पाण्याची पातळी कुंड्यांमधल्या नळ्यांपेक्षा वर असेल तर पंप थांबल्यावरही नळीतलं पाणी मागचं पाणी ओढत राहतं. टाकीतून नळीने पेट्रोल काढतात तसंच. टाकी कुंड्यांच्या पातळीखाली ठेवा. ते जमत नसेल तर नळी टाकीतून वर येते तिथे, पाण्याच्या पातळीच्या वर, सुईएवढं भोक पाडा. पंप थांबला की त्यातून हवा शिरते आणि ओढ तुटते. पंप चालू असताना तिथून बारीक चिळकांडी उडेल, ती टाकीतच पडेल अशी बघा.

नळावरच्या टायमरला हा धोका नाही. पण सोसायटीचं पाणी ठरावीक वेळेला येत असेल तर टायमर पाण्याच्या वेळेशी जुळवा. कोरड्या नळावर तो सुखाने उघडतो आणि बंद होतो. ठिबकाचे ड्रिपर तासाला २, ४, ८ लिटर असे मिळतात. कुंडीला २ चा पुरतो. तो एकदम तासभर न चालवता सकाळी पाच आणि संध्याकाळी पाच मिनिटं चालवा, म्हणजे दिवसाला सुमारे ३३० मिलिलिटर होतात.

११. तळाशी टाकी असलेली तयार कुंडी घेताना काय बघू?

सांडवा. टाकीच्या वरच्या कडेला जास्तीचं पाणी बाहेर जाणारं भोक नसेल तर ती कुंडी घेऊ नका, रंग कितीही छान असला तरी. धरणाला सांडवा लागतो तसाच तिलाही. तो नसला तर पहिल्याच वळवाच्या सरीत मुळं बुडतात. काही कुंड्यांना हे भोक पाडायची जागा असते, पण त्यावर बूच असतं. ते काढायला विसरू नका.

त्यानंतर बघायचं ते माती आणि पाणी यांच्यामधलं हवेचं अंतर, आणि टाकीत उतरणारा मातीचा ‘पाय’. त्या पायातली माती नीट दाबून भरली नाही तर पाणी चढत नाही. नवीन रोप असेल तर पहिले दोन-तीन आठवडे टाकी रिकामी ठेवून वरूनच पाणी घाला. मुळं खाली उतरल्यावर टाकी भरा.

१२. नर्सरीतली लाल माती भरली तर चालेल ना?

वात आणि टाकीसाठी नुसती लाल माती चालत नाही, काळी तर नाहीच. दोन्ही घट्ट बसतात आणि खालून सतत ओल मिळाली की त्यांचा चिखल होतो. निम्मं कोकोपीट, पाव हिस्सा गांडूळखत किंवा चाळलेलं जुनं शेणखत, आणि पाव हिस्सा परलाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे, हलके, सच्छिद्र दाणे) किंवा विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे, हे मिश्रण मला मानवलं. कोकणात भाताचं तूस सहज मिळतं, तेही चालतं. कोकोपीटची वीट दोन-तीनदा स्वच्छ पाण्यात धुवून पिळून घ्या, तिच्यात क्षार असतात.

मडकं आणि वरून ठिबक यांना मात्र थोडी जड माती चालते. कुंडीच्या तळाशी खापऱ्यांचा थर द्यायची आपली सवय वातीच्या कुंडीत मोडा, कारण त्या थरात ओल तुटते.

१३. कुठल्या झाडांना हे मानवतं, कुठल्यांना नाही?

अळू, पुदिना, ब्राह्मी, फर्न, पीस लिली, मनी प्लांट, टोमॅटो, पालक यांना सतत ओल आवडते. नागवेलीला ओल हवी पण साचलेलं पाणी नको, तिला मडकं उत्तम. गुलाब, जास्वंद आणि मिरची यांना चालतं, पण टाकी संपल्यावर दोन दिवस तशीच ठेवून मग भरा.

कोरफड, निवडुंग, जेड, अडेनियम, स्नेक प्लांट, झीझी यांना लावूच नका. ती पंधरा दिवस पाण्याशिवाय राहतात, सुटीत त्यांची काळजी करायचं कारणच नाही. ऑर्किडची मुळं हवेवर जगतात, तीही यातून बाहेर ठेवा. लिंबू, मोगरा, बोगनवेल यांचं प्रश्न १४ मध्ये, तुळशीचं प्रश्न १५ मध्ये.

१४. टाकीच्या कुंडीत लावल्यापासून लिंबाचं झाड हिरवंगार आहे, पण दोन वर्षांत एक फूल नाही. का?

कारण त्याला ताण मिळत नाही. लिंबू-डाळिंबाचे बागायतदार आंबे बहार, मृग बहार किंवा हस्त बहार, म्हणजे वर्षातल्या तीन फुलोऱ्यांपैकी एक धरतात, त्याआधी पाणी तोडतात. पानं मलूल होतात, काही गळतात, मग खत देऊन पाणी सुरू केलं की झाड फुलांवर येतं. जिथे पाणी कधी तुटतच नाही तिथे झाडाला पानं वाढवायला कारण असतं, फुलायला नसतं.

कुंडीतल्या लिंबाला डिसेंबरात टाकी रिकामी करा, वात काढा आणि पाणी हळूहळू कमी करत दोन-तीन आठवडे ताण द्या. कुंडीत माती थोडी असते, त्यामुळे शेतासारखा महिना-दीड महिन्याचा ताण तिला सोसत नाही. दुपारी मलूल झालेली पानं सकाळीही वर येत नसतील तर ताण पुरे झाला. मग शेणखत घालून वरून पाणी सुरू करा आणि फळ धरल्यावर टाकी पुन्हा जोडा. मोगऱ्यालाही थंडीत पाणी कमी करून, छाटून, फेब्रुवारीत पुन्हा सुरू करतात. बोगनवेलीला तर वर्षभर थोडं उपाशीच ठेवावं लागतं.

१५. तुळस मात्र टिकत नाही. रोज थोडं पाणी लागतं म्हणून वात लावली, तरी गेली.

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि विचारणाऱ्याला फार लागलेलं असतं. रोज सकाळी तांब्याभर पाणी घालायचा आपला रिवाज आहे, त्यात खालून वातही लागली तर तुळशीच्या मुळांना दोन्हीकडून पाणी. थंडीत ती वाढ थांबवते, तेव्हा हे पाणी तिला मानवत नाही. खोड मातीजवळ काळं पडतं, पानं वरून वाळल्यासारखी दिसतात आणि आपण समजतो की पाणी कमी पडलं.

तुळशीला वात फक्त आपण घरी नसताना, आणि फेब्रुवारी ते मे एवढीच. एरवी पूजेचं पाणी चमचाभर घाला किंवा वृंदावनाशेजारी ठेवलेल्या दुसऱ्या कुंडीत सोडा. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या तर ती जास्त दिवस जगते. पाणी बरोबर असूनही ज्यांची तुळस जाते, त्यांच्याकडे बहुतेक वेळा मंजिऱ्या ठेवलेल्या आढळतात.

१६. खालची पानं पिवळी पडताहेत. पाणी कमी की जास्त?

बोट दोन पेरं मातीत घाला. ओलं लागलं आणि बोटाला आंबूस वास आला तर पाणी जास्त. कुंडीभोवती बारीक चिलटं उडत असतील तर नक्कीच जास्त. टाकी काढा, वात ओढून घ्या, माती सुकू द्या. रोप सैल वाटलं तर बाहेर काढून मुळं बघा: पांढरी आणि ताठ असतील तर ठीक, तपकिरी आणि बोटात सालपटासारखी सुटत असतील तर तेवढी कापून नव्या मिश्रणात लावा.

वरची माती कोरडी आणि खाली ओल असेल तर ते बरोबरच आहे. पाणी खालून चढतं तेव्हा वरचा इंचभर थर वाळलेलाच असतो. तो पाहून वरून आणखी पाणी घालणं, हीच चूक सर्रास होते.

१७. टाकीत डास होतील ना? पालिकेची माणसं तपासणीला येतात.

उघडी राहिली तर होतात, आणि हे हसण्यावारी नेऊ नका. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो. उबदार हवेत अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याला चिकटतात आणि महिनोन्‌महिने कोरडी राहूनही पाणी मिळताच उबतात, त्यामुळे नुसतं पाणी ओतून भागत नाही, कडा घासावी लागते.

वातीच्या भांड्याला झाकण ठेवा आणि वातीपुरतंच भोक पाडा. तयार कुंडीच्या नळीच्या तोंडाला आणि सांडव्याला बारीक जाळी चिकटवा, मच्छरदाणीचा तुकडा चालतो. घरी असाल तर आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, म्हणजे त्या दिवशी साठलेलं पाणी ओतून भांडी कोरडी करा. टाकीत रॉकेल किंवा फिनाईल घालू नका. ते वातीतून मुळांपर्यंत जातं.

१८. पावसाळ्यात काय करायचं?

उघड्यावरच्या कुंड्यांची सगळी साधनं जूनच्या पहिल्या आठवड्यात काढा, धुवा, वाळवा आणि ठेवून द्या. मडकीही काढा. छपराखाली, जिथे झड पोहोचत नाही अशा गॅलरीत मात्र वात चालू राहू शकते, फक्त भांडं निम्मंच भरा. हवा दमट असली की पाण्याचा खर्च निम्म्याहून कमी होतो.

१९. टाकीच्या पाण्यातच खत मिसळलं तर?

जीवामृत, शेणपाणी, पेंडीचं पाणी, भाज्या धुतलेलं पाणी यातलं काहीही टाकीत नको. दोन दिवसांत घाण वास येतो आणि वात बुळबुळीत होऊन बुजते. ही खतं वरून, थोडी, पंधरा दिवसांनी द्या. पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) टाकीत चालतं, पण लिटरला अर्ध्या ग्रॅमहून जास्त नाही आणि एकाआड एक भरणीला.

पाणी खालून चढतं आणि वरून उडतं, तेव्हा क्षार वरच राहतात. मातीवर किंवा कुंडीच्या काठाला पांढरा थर दिसला तर टाकी काढून वरून कुंडीच्या मापाइतकं पाणी सावकाश ओता, तळातून वाहून जाऊ द्या. बोअरचं पाणी असेल तर दर महिन्याला. आरओ यंत्राचं टाकाऊ पाणी टाकीत वापरू नका, त्यात क्षारच जास्त असतात. एसीतून ठिबकणाऱ्या पाण्यात क्षार जवळपास नसतात. ते शोभेच्या झाडांच्या वातीला चांगलं, खायच्या भाजीला नको.

२०. पाणी धरून ठेवणारे जेलचे दाणे घालू का?

ते साठा वाढवतात, पाणी देत नाहीत. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं पुसा हायड्रोजेल शेतीसाठी आहे, कुंडीतही वापरता येतं. दाणे आधी भिजवून, फुगवून मग मिसळा. कोरडे घातले आणि पाणी दिलं की फुगून माती आणि रोप दोन्ही वर उचलतात. क्षाराच्या पाण्यात ते कमी फुगतात. वातीच्या कुंडीत यांची गरज नाही, दोन्ही मिळून चिखल करतात. सजावटीचे रंगीत गोळे वेगळे. घरात लहान मूल असेल तर ते आणूच नका, गिळले तर पोटात फुगतात.

२१. आम्ही परदेशात, बर्फाच्या प्रदेशात राहतो. कढीपत्त्याच्या कुंडीला टाकी लावली. नोव्हेंबरपासून पानं गळताहेत.

टाकी रिकामी करा. हीटरने हवा कोरडी वाटते म्हणून पाणी वाढवावंसं वाटतं, पण दिवस लहान झाला की कढीपत्ता वाढ थांबवतो आणि पानं टाकतो. तो मेलेला नसतो. खोडावर नखाने किंचित खरवडलं आणि आत हिरवं दिसलं तर तो जिवंत आहे. कुंडी गार काचेपासून आत घ्या, शक्य तितक्या उजेडात ठेवा आणि वरची दोन बोटं माती सुकली की वरून थोडं कोमट पाणी घाला. वसंतात कोंब फुटले की टाकी पुन्हा सुरू करा.

२२. सुटीहून परत आलो. एक कुंडी वाळून गेलीय, बाकीच्या ठीक दिसतात. आता काय करू?

वाळलेल्या कुंडीला आधी सावलीत न्या. वरून पाणी ओतलं तर ते कडेच्या फटीतून सरळ खाली निघून जाईल. कुंडी बादलीत ठेवा, बादलीत कुंडीच्या निम्म्या उंचीपर्यंत पाणी घाला आणि अर्धा-पाऊण तास तशीच राहू द्या. वरची माती काळपट ओली दिसली की काढा, निथळू द्या. लगेच खत देऊ नका, फांद्याही छाटू नका. दहा-पंधरा दिवसांत खालच्या डोळ्यांतून कोंब फुटतो का बघा, मग तिथपर्यंत छाटा.

बाकीच्या कुंड्यांमध्ये किती पाणी उरलंय ते साधन काढण्याआधी मोजून वहीत लिहा: कुंडी कुठली, दिवस किती, भरलं किती, उरलं किती. पुढच्या सुटीला प्रश्न ८ चं गणित तुम्हाला निम्मं तयार मिळेल.